मधल्या आवाजाची फिर्याद

चार आवाजांत गाणाऱ्या क्वायरमध्ये सगळ्यात वरचा आवाज बायकांचा, त्याला सोप्रानो म्हणतात. गाण्याची चाल त्यांच्याकडे असते. सगळ्यात खालचा बास, तो पुरुषांचा. तो घुमतो म्हणून लोकांना कळतो. टेनर, म्हणजे उंच पट्टीतले पुरुष, गळ्याच्या शिरा ताणून गातात, त्यामुळे तेही लपत नाहीत. या सगळ्यांच्या मधे जाड आवाजाच्या आम्ही बायका असतो, आल्टो. आम्हाला कुणीही ऐकत नाही. लग्न झाल्यापासून मी नगरच्या आमच्या चर्चमध्ये आल्टो गाते आहे आणि आजवर एकाही माणसाने येऊन 'तुमचा भाग छान झाला' असं म्हटलेलं नाही. 'तुमची साडी छान होती' असं मात्र बऱ्याच जणींनी म्हटलेलं आहे.

माझं माहेर पारनेरचं. वडील शाळेत मराठी शिकवायचे आणि संध्याकाळी पेटी वाजवायचे. दर गुरुवारी आमच्याकडे भजन असायचं. थोरल्या बहिणीचा आवाज पातळ आणि गोड, म्हणून ती बाबांच्या शेजारी बसून गायची. माझा आवाज लहानपणापासून जाड. 'हिचा आवाज बसका आहे, हिला झांज द्या,' असं बाबांनी एकदा सगळ्यांदेखत सांगितलं आणि माझ्या हातात झांज आली. पुढे 'ती ठेव खाली आणि तू म्हण बघू' असं कुणीच म्हटलं नाही. मी मोठी होऊन गणिताची शिक्षिका झाले. गणितवाल्यांना सुराचा कान असतो असं म्हणतात. बाबा तसं कधी म्हणाले नाहीत.

नगरला नोकरी लागली आणि तिथल्या एका ख्रिस्ती शिक्षकाशी मी लग्न केलं. पारनेरच्या भटजीच्या घराण्यातली मुलगी चर्चमध्ये गेली म्हटल्यावर गावाला मोठ्या तमाशाची अपेक्षा होती. बाबांनी ती पुरी केली नाही. ते रजिस्टर ऑफिसात आले, साक्षीदार म्हणून सही केली, जावयाला पेढा भरवला आणि परतीच्या एसटीत बसले. लग्नानंतरच्या पहिल्याच नाताळात आमच्या क्वायरमास्तरांनी माझ्याकडून एक सूर म्हणून घेतला आणि म्हणाले, 'अरे वा, आल्टो! कुठे होता ताई इतके दिवस?' पारनेरात जो आवाज बसका होता, त्याची नगरात लोक वाट बघत होते. त्या दिवशी मी घरी येऊन पोटभर रडले, आणि रडून झाल्यावर मला बाबांचा भयंकर राग आला.

तो राग इतकी वर्षं टिकला याचं कारण बाबांनी मला कधी ऐकलंच नाही. ते आमच्या घरी येतात, राहतात, नवऱ्याशी बुद्धिबळ खेळतात, माझ्या हातचं पिठलं मिटक्या मारत खातात. पण क्वायरचं नाव काढलं की म्हणायचे, 'देवाला माझी ना नाही. पण ते गाणं मला सोसत नाही. सगळे एकाच वेळी वेगवेगळं बोलतात. माणसाने ऐकायचं तरी कुणाचं?' एकदा ऐकून मग बोला, असं म्हटलं तर गुडघे दुखायला लागायचे. आता त्यांचे गुडघे खरोखरच दुखतात.

यंदा ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळासाठी मास्तरांनी मोठंच धाडस काढलं. रचना अठराव्या शतकातली. युरोपातल्या कुठल्याशा गावात चर्चचा ऑर्गन वाजवणाऱ्या माणसाने ती उपासनेसाठी लिहिलेली. शब्द अगदी थोडे: 'हे प्रभू, दया कर.' एवढ्या शब्दांवर त्याने पानंच्या पानं भरली आहेत, कारण त्या काळच्या माणसाला दया मागायची घाई नव्हती. मास्तरांनी मूळ शब्द काढून सगळीकडे मराठी शब्द बसवले. परक्या भाषेत मागितली तर देवाला कळेल, पण आपल्या लोकांना कळणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

आता त्या रचनेतली एक जागा नीट सांगायला हवी, कारण माझं सगळं भांडण तिथलं आहे. सुरुवातीला चारही आवाज मिळून मोठ्याने गातात. मग सगळे एकदम थांबतात. पूर्ण शांतता. आणि त्या शांततेतून एकच आवाज 'दया कर' म्हणत एकटा निघतो. तो थोडा पुढे गेला की दुसरा आवाज तेच म्हणत त्याच्या मागून निघतो, मग तिसरा, मग चौथा, आणि पुढे सगळी वीण घट्ट होत जाते. शांततेनंतर एकटा निघणारा तो पहिला आवाज आल्टोचा आहे. सोप्रानोचा नाही, बासचा नाही, आमचा. मास्तरांनी सरावाच्या पहिल्या दिवशी हे सांगितलं तेव्हा मी त्यांना परत विचारलं. त्यांनी परत तेच सांगितलं.

घरी येऊन मी पारनेरला फोन लावला. बाबांना म्हटलं, 'या वेळी यायचंच. एका जागी फक्त आम्ही तिघी गातो, दुसरं कुणी नाही. ऐकायचं कुणाचं हा प्रश्नच नाही.' पलीकडून आधी गुडघ्यांचा विषय निघाला. मग म्हणाले, 'बरं. पाहतो कोण आणतंय ते.' त्यांचं वय बघता पुढच्या वेळेची खात्री कुणीच देऊ शकत नव्हतं. तेवढ्या तीन-चार ओळी त्यांच्या कानावर पडाव्यात, एवढीच माझी मागणी होती. ही काही फार मोठी मागणी नाही, हे मी आजही कुणालाही तोंडावर सांगेन.

मग दोन महिने मी ती जागा घोटली. भाजी चिरताना, पेपर तपासताना, गाडीवर शाळेत जाताना. आमचा भाग एकटा ऐकला तर अगदी कंटाळवाणा आहे हे मी कबूल करते. बराच वेळ पंचमावर मुक्काम, मग एक पायरी खाली, पुन्हा पंचम. शेजारीण एकदा खिडकीतून विचारती झाली, 'मॅडम, तब्येत बरी आहे ना? सारख्या कण्हताय.' नवरा बासमध्ये गातो. तो म्हणाला, 'लोकांचं काय मनावर घेतेस.' माझा नवरा कुठलीच गोष्ट मनावर घेत नाही, म्हणून घरातलं सगळं मनावर घ्यायचं काम माझ्याकडे आलं आहे.

रविवारी संध्याकाळी कार्यक्रम. आम्ही दुपारीच चर्चमध्ये जमलो तर साउंडवाला आधीच पोचलेला. मास्तर म्हणत होते की या दगडी भिंतींत माईकची गरज नाही. आमच्या कमिटीचे सेक्रेटरी म्हणाले, 'असं कसं? माईक नसला तर लोकांना कार्यक्रम वाटत नाही.' साउंडवाल्याने दोन माईक आणले होते. ते त्याने सोप्रानोंपुढे उभे केले. मी विचारलं, 'आमच्यापुढे?' तर तो समजावणीच्या सुरात म्हणाला, 'मेन सिंगरला देतो मॅडम. कोरसला लागत नाही.' म्हणजे ज्यांच्याकडे चाल त्या मेन आणि आम्ही कोरस. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मास्तरांनी हात जोडले म्हणून गप्प बसले.

बाबा आले ते त्यांच्या भजनी मंडळातल्या मित्राच्या पिकअपमधून, पुढच्या सीटवर बसून. मित्र शेतकरी, कांदा पिकवतात आणि पखवाज वाजवतात. मी त्यांना लहानपणापासून काका म्हणते. काकांनी बाबांना हाताला धरून पायऱ्या चढवल्या. बाबांनी दाराशी चपला काढल्या. आमच्याकडे कुणी काढत नाही. तिसऱ्या बाकावर ते कडेला बसले, काठी दोन गुडघ्यांच्या मधे. स्वच्छ धोतर, इस्त्रीचा सदरा. गाणं ऐकायला निघताना ते नेहमी जसे निघायचे तसेच आले होते. ते पाहून मी घाईने नजर वहीत वळवली, कारण गायच्या आधी आल्टोने रडणं हा शुद्ध मूर्खपणा आहे.

सुरुवात सुरेख झाली, हे मी आमची फुशारकी म्हणून सांगत नाही. चारही आवाज एकदम उठले तेव्हा पंख्यांची घरघरसुद्धा ऐकू येईनाशी झाली. पहिल्या बाकावरची एक आजी डोळे मिटून डोलायला लागली. बाबांची मान ताठ होती. परीक्षेला बसलेल्या पोराकडे पर्यवेक्षक बघतो तसे ते आमच्याकडे बघत होते. मग तो मोठा स्वर आला, मास्तरांनी दोन्ही हात हवेत उचलून मुठी मिटल्या आणि आम्ही सगळे थांबलो. शांतता. आता आम्ही.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यांना वाटलं संपलं. एकाने सुरुवात केली, दुसऱ्याने साथ दिली, मग सगळं चर्च. तेवढ्यावर निभावलं असतं. पण आपल्याकडे टाळ्या वाजल्या की सत्कार होतो. सेक्रेटरी पहिल्या बाकावर मांडीवर शाल घेऊन तयारच बसले होते. ते लगबगीने उठले, पायऱ्या चढून आले आणि हात हवेत धरून पाठमोऱ्या उभ्या असलेल्या मास्तरांच्या खांद्यांवर त्यांनी शाल पांघरली. फोटोवाला पुढे धावला. 'सर, इकडे बघा, इकडे!' मास्तर कशाला बघतात? त्यांनी इतकी वर्षं क्वायर चालवली आहे, एकदा धरलेली लय ते सोडत नाहीत. शालीच्या आतून त्यांचा उजवा हात बाहेर आला आणि त्यांनी बोट आमच्याकडे केलं. आल्टो, चला.

आम्ही निघालो. अगदी वेळेवर, अगदी सुरात. दोन महिने घोटलेलं सगळं जसंच्या तसं गळ्यातून बाहेर आलं आणि टाळ्यांच्या कडकडाटात बुडालं. साउंडवाल्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने त्याच वेळी माईकवरून 'हॅलो, हॅलो' केलं. मी गाताना बाबांकडे बघत होते. बाबा टाळ्या वाजवत होते. सगळे वाजवत होते म्हणून तेही सभ्य माणसासारखे माझ्याकडे बघून वाजवत होते. आमच्या ओळी संपत आल्या तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की गाणं चालू आहे. टाळ्या विरल्या, सेक्रेटरी वाकून खाली उतरले, चर्च पुन्हा शांत झालं. आणि त्या स्वच्छ शांततेत सोप्रानोंचा प्रवेश झाला, दोन्ही माईकवरून.

पुढचं मी कसं गायले मला आठवत नाही. गायले एवढं खरं. मधे एकदा, जिथे चारही आवाज एकमेकांच्या मागे धावतात तिथे, तिसऱ्या बाकावरून काकांचा आवाज आला. ते कुजबुजत होते, पण पखवाज वाजवून वाजवून त्यांना जरा कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांची कुजबुज सगळ्यांना ऐकू जाते. 'गुर्जी, ह्ये काय चाललंय? एकाचं म्हनून व्हईना तवर दुसरा मधीच घुसतोय. एकी न्हाई ह्यांच्यात.' दोन बाकं खुदखुदली. शेवटी सगळं खरोखर संपलं, तेव्हा कुणीच टाळ्या वाजवेना. एकदा फसल्यामुळे लोक आता सावध झाले होते. मास्तरांनी वळून कमरेतून वाकून दाखवलं तेव्हा कुठे वाजल्या.

कार्यक्रमानंतर आवारात लिंबाखाली चहा आणि चिवडा होता. गाणाऱ्याने कार्यक्रम संपल्यावर लोकांचं ऐकायला थांबू नये, तडक घरी जावं. पण मला बाबांचं ऐकायचं होतं, आणि त्यांच्यापर्यंत पोचायला बाकी सगळ्यांमधून वाट काढावी लागत होती.

सेक्रेटरी म्हणाले, 'झालं छान. पण पुढच्या वेळी ड्रमसेट घेऊ. तरुण मुलं झोपतात.' त्यांनी शालीबद्दल चकार शब्द काढला नाही. उलट फोटोवाल्याला विचारलं, फोटोत आपला चेहरा आला का. आमच्या मंडळीतली एक मुलगी पुण्यात पियानो शिकते, ती म्हणाली, 'आंटी, या काळातलं म्युझिक इतकं हळू घेत नाहीत. आणि मूळ शब्दांतच करायला हवं होतं, मराठीत ते वजन येत नाही.' उंटावरची शहाणी! तिच्या आजीने आयुष्यभर ज्या मराठीत प्रार्थना केली, तिच्यात वजन येत नाही. शाळेतली माझी एक सहकारी खास ऐकायला आली होती. ती म्हणाली, 'किती शांत वाटलं गं. माझं ऑनलाईन योगाचं आहे ना, त्याच्या मागे असंच लावतात.' मला कुणालातरी चावावंसं वाटत होतं. पहिल्या बाकावरची आजी मात्र माझा हात धरून नुसती उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. मी विरघळले, तेवढ्यात तिने विचारलं, 'तू नव्हतीस का गं आज गायला?'

बाबा लिंबाखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते, बशीत ओतून चहा पीत. काका शेजारी उभे. मला बघून काकाच आधी बोलले. 'पोरी, लई कष्ट घेतलं तुमी. पर समद्यांनी एकदम सुरू करा की. आमच्यात एक जन सांगतो, बाकीचे उचलत्यात. तुमचं म्हंजी भावकीच्या भांडनावानी हाय.'

'काका, ते तसंच असतं,' मी म्हटलं, आणि बाबांकडे वळले. 'बाबा?'

बाबांनी बशी खाली ठेवली, मिशा पुसल्या. 'चांगलं झालं. शिस्त आहे. त्या वरच्या मुलींचे आवाज गोड आहेत, थोरलीसारखे.' मग अगदी मायेने म्हणाले, 'तू दिसत होतीस मला. तोंड हलत होतं. आवाज काही आला नाही.'

माझा संयम तिथे सुटला. मी आवारात, चिवड्याच्या टेबलाजवळ, सगळ्या मंडळीदेखत ओरडले. 'कसा येईल? तुम्ही टाळ्या वाजवत होता! तुम्हाला एवढ्यासाठी पारनेरहून बोलावलं, आणि जिथे ऐकायचं नेमकं तिथे तुम्ही टाळ्या वाजवत होता!' नवरा 'अगं, अगं' करत धावत आला. मी म्हटलं, 'अगं काय? यांनी कधीच ऐकलं नाही. पारनेरला नाही, इथे नाही. लहानपणी बसका म्हणाले आणि तेव्हापासून कान बंद करून बसले आहेत.' लोक चहाचे कप हातात धरून आमच्याकडे वळले. सेक्रेटरींनी 'ताई, शांत व्हा' म्हटलं. शालवाल्याने मला शांत व्हा म्हणावं!

मग मी तिथेच उभी राहून आमच्या ओळी म्हटल्या. एकटीने, शांततेनंतरच्या त्या तेवढ्या ओळी. आता कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझा पंचम, खालची पायरी, पुन्हा पंचम. संपलं तेव्हा काका अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, 'ह्ये पाडं म्हनल्यागत वाटतंय, पोरी.' मी गणिताची बाई आहे हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे हशा पिकला. नवरासुद्धा हसला. त्याचं मी घरी गेल्यावर बघितलं.

बाबा हसले नाहीत. ते म्हणाले, 'हे गाणं नव्हे. हे कशाच्या तरी मधलं आहे. बाकीचे कुठे आहेत?'

मास्तर अजून शाल पांघरूनच होते, ते पुढे झाले. 'इथेच आहेत गुरुजी. शेवटचा तुकडा म्हणू का?'

'म्हणा. पण ही सोडून,' बाबांनी माझ्याकडे काठी केली. 'तू गप्प राहा.'

आता याला काय म्हणावं? पुन्हा गप्प राहा! माझ्यासोबतच्या दोघी आल्टो चहाचे ट्रे घेऊन फिरत होत्या, त्यांनी दुरूनच 'आमचं राहू दे' म्हटलं. म्हणजे आल्टो नाहीच. बाकी जे आवारात होते, सोप्रानो, टेनर आणि माझ्या नवऱ्यासकट बास, ते लिंबाखाली अर्धगोलात उभे राहिले. मी दात-ओठ खात बाजूला. मास्तरांनी हात उचलला आणि ते शेवटचा तुकडा गायले, शेवटच्या लांब स्वरापर्यंत.

मी लोकांचे चेहरे बघत होते. सेक्रेटरी मान डोलवत होते. संपल्यावर म्हणाले, 'हे उलट जास्त मोकळं वाटलं.' योगवाली म्हणाली, 'मला तर सेमच वाटलं गं.' पुण्याची मुलगी काहीतरी इंग्रजीत म्हणाली. काका म्हणाले, 'आता जमलं बगा. गर्दी कमी झाली.' इतकी वर्षं मी गायले काय आणि न गायले काय, कुणाला फरक पडत नव्हता, हे पुराव्यानिशी सिद्ध झालं होतं.

बाबांनी डोळे मिटले होते. ते तसेच मिटून ठेवत त्यांनी विचारलं, 'शेवटच्या स्वरातला गंधार कुणी खाल्ला?'

मास्तरांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. शेवटच्या स्वरात सोप्रानो आणि बास दोघेही षड्जावर असतात, टेनर पंचमावर. गंधार एकट्या आल्टोकडे असतो. चर्चमध्ये तो होता, लिंबाखाली नव्हता.

'तो हिच्याकडे असतो, गुरुजी,' मास्तर म्हणाले.

'आतून पोकळ झालं,' बाबा म्हणाले. 'घ्या पुन्हा. हिला घेऊन.'

मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. मला संताप आला. या माणसाला मी आहे हे कळावं म्हणून मला गप्प बसावं लागलं, आणि तेही त्याच्याच हुकमावरून. जी इतकी वर्षं उभं राहून गाते आहे ती ऐकू येत नाही, आणि न गायलेली मात्र लगेच जाणवते. हा कुठला न्याय? पण मास्तरांचा हात उठला होता, आणि एकदा हात उठला की आल्टो भांडत बसत नाही. मी नवऱ्याच्या पुढे, टेनरच्या बाजूला माझ्या जागेवर जाऊन उभी राहिले.

आम्ही तो तुकडा पुन्हा घेतला. टेबलावर कप वाजत होते, पिकअपजवळ कुणीतरी मोबाईलवर बोलत होतं. शेवटचा स्वर आला तेव्हा सोप्रानो वर गेल्या, बास खाली उतरले, आणि माझ्यात जेवढा राग साठला होता तो सगळा घेऊन मी गंधारावर बसले. एवढ्या माणसांमधून, एवढ्या आवाजांमधून बाबांची मान नेमकी माझ्याकडे वळली. डोळे मिटलेलेच होते. त्यांनी कपाळाला आठी घातली आणि हाताचा तळवा जमिनीकडे दाबला.

'चढलीस,' ते म्हणाले. 'खाली घे.'

मास्तरांनी स्वर धरून ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा माझे वडील मला मी बेसूर झाल्याचं सांगत होते, आणि तेही सगळ्या गावासमोर. मी त्यांच्याकडे रागाने बघत तो गंधार केसभर खाली घेतला. बाबांचा तळवा हवेत थांबला. मग त्यांनी मान हलवली, आणि मास्तरांना म्हणाले, 'सोडू नका. धरून ठेवा.'